चारचौघांत पास

उल्हासनगरच्या जीन्स गल्लीत पिवळी ओढणी घेऊन जाऊ नये. ही गोष्ट त्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण तेजल म्हसकर पडली बदलापूरची, हेंद्रेपाड्यातली. तिला कोण सांगणार? आणि सांगितलं असतं तरी त्या दुपारी तिने ऐकलं नसतं. एकदा ठरवलं की ठरवलं, अशी मुलगी. तिची आई म्हणायची, "हिला जन्मतःच कुणीतरी खळ घातलीय. वाकतच नाही कुठे."

परतीचा पाऊस नुसता ये-जा करत होता. दुकानांच्या पत्र्यांवरून पागोळ्या गळत होत्या, हातगाड्या एकमेकींत अडकल्या होत्या, आणि सगळ्या गल्लीत ओल्या कापडाचा न् गरम इस्त्रीचा वास भरून राहिला होता. छत्री सावरत, दुकानांच्या पाट्या वाचत तेजल चालली होती. तेवढ्यात समोरून ओल्या जीन्सचा एक ढीग चालत आला. ढिगाला पाय दिसत होते, डोकं दिसत नव्हतं.

व्हायचं तेच झालं.

"अहो, बघून!"

"सॉरी, सॉरी, सॉरी..." ढिगाआडून आवाज आला. मग एक डोकं वर निघालं. भिजलेले केस, कपाळावर निळा डाग, आणि डोळे असे की चूक झाली तरी हसायचं थांबत नाहीत. "लागलं का?"

"लागलं नाही. पण हे बघा काय केलंत!"

पिवळ्या ओढणीवर हातभर निळा पट्टा उमटला होता. तो बघून त्याने जीभ चावली. "कच्चा रंग आहे, मॅडम. वॉश व्हायचाय अजून. ओढणी द्या, अभी के अभी धुऊन देतो. डाग शोधून सापडणार नाही."

"भर रस्त्यात ओढणी काढून देऊ? अनोळखी माणसाला?"

"तसं नाही... म्हणजे... मी फक्त धुण्याबद्दल बोलत होतो." त्याचे कान लाल झाले. तेजलला हसू आलं, पण तिने ते दाबून टाकलं. काम आधी.

"राहू द्या. तलरेजा गारमेंट्स कुठे आहे, तेवढं सांगा."

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी तिकडेच चाललोय. या."

वाटेत त्याचं तोंड काही बंद नव्हतं. "आमचं काम म्हणजे लोकांच्या उलटं. लोक जुन्याचं नवं करतात, आम्ही नव्याचं जुनं. कालची जीन्स आज अशी करून देतो की वाटावं, तुमच्या काकांनी कॉलेजात घातली होती."

"आणि गिऱ्हाईक घेतं?"

"नव्यापेक्षा चढ्या भावाने."

"म्हणजे फसवता की लोकांना."

"त्यांना माहीत असतं ना, मॅडम! माहीत असलं की ती फसवणूक नसते..." त्याने ढिगावरून मान काढून डोळे मिचकावले. "फॅशन असते."

कारखाना म्हणजे दोन मजली शेड. खाली शिलाई मशिनींची घरघर, वर छोटंसं ऑफिस. तेजल बसते न बसते तोच समोर पाण्याचा ग्लास आणि भाजलेला पापड आला. सिंध्यांच्या घरी पाहुण्याला आधी पापड-पाणी, मग बाकीचं बोलणं. तेजलने पापड मोडला, चाखला आणि नकळत म्हणाली, "मिरी कमी पडलीय. आणि जरा जाडच लाटलाय."

"ओहो! पापडाचं इन्स्पेक्शन!"

"आई पापड करते माझी," ती ओशाळून म्हणाली.

आतून किशनचंद तलरेजा आले. साठीचे, पांढरा शर्ट, गळ्यात शिंप्याची टेप. त्यांनी हसून हात जोडले. "बोलो बेटी, कुठून आलीस?"

"उल्हास खोरे उद्योग आणि निर्यात मंडळातून, काका. अंबरनाथ एमआयडीसीतून. आमचे हिंदुराव कदम सर या महिन्यात निवृत्त होतायत, त्यांच्या सत्कारासाठी..."

किशनचंदांचं हसू मिटलं. गळ्यातली टेप त्यांनी दोन्ही हातांनी धरली. "पापड खा, बेटी. पाणी पी. आणि घरी जा. हिंदुरावच्या सत्काराला माझ्याकडून एक धागासुद्धा मिळणार नाही."

ते उठून आत गेले. मशिनींची घरघर तेवढी उरली.

जीन्सचा ढीग वाहणारा तो मुलगा दाराशी उभा होता. तेजल त्याच्याकडे वळली. "तुमचे मालक नेहमी असेच बोलतात?"

"मालक... पापा आहेत माझे. मी जयदेव." त्याने कपाळावरचा डाग पुसायचा प्रयत्न केला, तो आणखी पसरला. "खूप वर्षांपूर्वी हिंदुराव सरांनी पापांचा पहिला कंटेनर अडवला होता. तेव्हापासून त्यांचं नाव घरात घ्यायचं नाही."

"मी परत येईन," तेजल म्हणाली.

"पापा नाहीच म्हणणार."

"म्हणू देत. तरी मी येईन." मग जिना उतरता उतरता तिला काय सुचलं कोण जाणे, मागे वळून म्हणाली, "आणि पापड पातळ ठेवा."

*

आता हा हट्ट कशासाठी, ते सांगायला हवं.

हिंदुराव सर साताऱ्याकडून अंबरनाथला आले तेव्हा या तीन गावांतला माल परदेशात जायचा तो मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या नावाने. सर मंडळावर आले आणि एकेका कारखानदाराला हाताला धरून त्यांनी बाहेरच्या बाजारात उभं केलं. उल्हासनगरची जीन्स, अंबरनाथचे पंप, पार बारवीपलीकडच्या पाड्यावरच्या बांबूच्या टोपल्या. पण माणूस महाकडक. कंटेनर निघण्याआधी मालातला एक पीस त्यांच्या ऑफिसातल्या टेबलावर यायचा. परदेशच्या गिऱ्हाइकाने पसंत केलेल्या पीसला दोरा बांधून लाखेचं सील मारलेलं असतं. त्या सॅम्पलशी माल जुळवायचा. जुळला तर पास आणि त्या पीसलाही सील, नाही तर गाडी गेटवरून परत. बघायला जमलेल्यांना सर एकच सांगायचे, "सुलटा सगळ्यांचाच माल चांगला असतो. उलटून बघा."

तेजलचं घर पूर्वी मांजर्लीत होतं. एका पावसाळ्यात उल्हास नदी घरात शिरली आणि तिच्या आईच्या, मीनाबाईंच्या, महिला गटाचं पापडाचं सगळं सामान घेऊन गेली. लोक येऊन हळहळून गेले. सर आले ते चिखलात उभे राहून म्हणाले, "रडून झालं की एकसारखा गोल पापड लाटून दाखवा. दुबईला पाठवायची जबाबदारी माझी." त्या पापडावर तेजल शिकली, त्या पापडावर हेंद्रेपाड्यातलं घर झालं. आणि आज ती सरांच्याच ऑफिसात निर्यातीची कागदपत्रं बघत होती.

म्हणून सत्कार समितीने शाल-श्रीफळाचा विषय काढला तेव्हा तीच आधी उसळली. सरांनीही सांगून टाकलं होतं, "शाली देऊन माझं कपाट भरू नका. काही दाखवायचंच असेल तर माल दाखवा." तेजलने तो शब्द उचलला. सरांचं ते तपासणीचं टेबल स्टेजवर न्यायचं आणि ज्यांचा-ज्यांचा माल सरांमुळे परदेशी गेला, त्यांच्या पहिल्या खेपेचं सॅम्पल, आणि टिकणारी वस्तू नसेल तर ताजा माल, त्यावर मांडायचा. सगळे हो म्हणाले. फक्त तलरेजा राहिले, आणि खोऱ्यातून जो अगदी पहिला कंटेनर गेला, तो होता त्यांच्याच जीन्सचा. तो पीस नसेल तर टेबलावर बाकी काहीही मांडा, आरंभच नाही! तेजलने मनाशी पक्कं केलं, जीन्स आणायचीच.

*

ती परत गेली. मग परत गेली. काहीही करून ती जीन्स हवीच, हे जयदेवलाही बजावून आली. दर खेपेला किशनचंद कामात असत आणि दर खेपेला पापड मात्र यायचा. एकदा तिने आईचे नाचणीचे पापड नेले. जयदेवने एक चाखला, डोळे मिटले आणि म्हणाला, "मॅडम, सत्कार कॅन्सल झाला तरी येत जा."

"पापडासाठी?"

"हां... पापडासाठी." तो खिडकीबाहेर बघायला लागला. "पापड तर आहेच."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. बारवीपलीकडच्या पाड्यावरून कान्हा आणि पुतळी या नवराबायकोची टोपली आणायची होती, रिक्षा तिथवर जायला तयार नव्हती, तेव्हा जयदेवने बाइक काढली. "समाजसेवा," तो म्हणाला. "गैरसमज नको."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तू भुवई वर केलीस."

पाड्यावर भात पिवळं पडत आलं होतं. हवेला पिकल्या भाताचा गोडसर वास होता. पुतळीने टोपली दिली, जयदेवला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि तेजलला कोपराने ढोसलं. "यो कोन गं तुजा?"

"कोणी नाही, मावशी. जीन्सवाला आहे."

"व्हय का? मंग टोपली सोडून तुलाच कशाला जपतंय?"

जयदेव मोठ्याने खोकला. परतताना पाऊस आला आणि दोघं एका शेतातल्या मांडवाखाली थांबली. टोपली मधे होती. जयदेवने अंगावरचं जॅकेट काढलं आणि ते तिला द्यायचं की टोपलीवर घालायचं, या विचारात तसाच उभा राहिला.

"टोपलीवर घाल," तेजल म्हणाली. "ती सरांची आहे."

"आणि तू?"

"मी काय?"

"नाही... काही नाही." त्याने टोपली झाकली. मग ओल्या केसांवरून हात फिरवत हळूच म्हणाला, "ओढणी तीच घातलीस. डाग गेला नाही?"

"आईने दोनदा धुतली. तुमचा कच्चा रंग भारी चिवट निघाला."

तो हसला नाही. तिच्याकडे बघत राहिला, आणि तेजलला आपल्या छातीतली धडधड पावसापेक्षा मोठी ऐकू यायला लागली. "तेजल," तो म्हणाला, "ती जीन्स मी देतो तुला. शनिवारपर्यंत. पक्का वादा."

"काका ऐकतील?"

"ते माझ्यावर सोड."

*

शनिवारी संध्याकाळी तो हेंद्रेपाड्यात तिच्या बिल्डिंगच्या जिन्यात उभा होता. हातात कागदात गुंडाळलेली जीन्स. मांड्यांवर विटलेली, गुडघ्यांवर पांढुरकी, कडांना झिजलेली. तेजलने ती उराशी धरली. आनंदाने तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "जयदेव... तुला माहीत नाही तू काय केलंयस. मी तुला... मला तुला काहीतरी..."

"बोल ना." तो एक पायरी वर आला.

ती बोललीही असती. पण सरांच्या हाताखाली वाढलेली मुलगी! हातात माल आला की बोटं आपोआप कामाला लागतात. तिने जीन्सचे पाय आतून ओढून ती उलटी केली. खिशाचं अस्तर बाहेर आलं, पांढरंशुभ्र. आतल्या शिवणीचा दोरा चकाकत होता.

"सील कुठंय?"

"तुटलं असेल. इतकी वर्षं झाली..."

"जयदेव, ही कधी शिवलीय?"

वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"परवा," अखेर तो म्हणाला. "पापांना विचारायची हिंमत झाली नाही. वाटलं, लांबून टेबलावर कोणाला कळणार? तू खूष होशील. तुझ्यासाठीच केलं, तेजल."

"सरांच्या टेबलावर? ज्या माणसाने आयुष्यभर माल उलटून बघितला, त्याच्या सत्काराला खोटा माल?"

"तूच म्हणालीस ना, काहीही करून..."

"तूच म्हणाला होतास, माहीत असलं की फॅशन." ती वाकली नाही. "मला माहीत नव्हतं, जयदेव. आज माझ्यासाठी माझ्याशी खोटं बोललास. उद्या कशासाठी बोलशील?"

तिने जीन्स घडी घालून त्याच्या हातात दिली. "नापास. आता जा." ती वर गेली, दार लावलं आणि आईने डोळे लाल का विचारलं तेव्हा कांदा चिरत होते म्हणाली. कांदा टोपलीतच होता.

*

सत्कार चार-पाच दिवसांवर आला आणि दारावरची बेल वाजली. मीनाबाईंनी दार उघडलं. बाहेर जयदेव होता, रिकाम्या हाताने.

"काकी, तेजलशी बोलायचंय. तुमच्यासमोरच."

मीनाबाईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि तव्यावर पापड टाकला. तेजल भिंतीला टेकून उभी राहिली. बस म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही.

"मी पापांना सगळं सांगितलं," जयदेव खाली बघत म्हणाला. "खोटी जीन्स केली ते पण. मला वाटलं, हात उचलतील. ते म्हणाले, पुट, बेटा, हिंदुरावने माझा माल अडवला तेव्हासुद्धा मी पीस बदलायचा विचार केला नव्हता. मग कपाट उघडलं. खरं सॅम्पल तिथेच आहे, तेजल. सीलसकट. इतकी वर्षं जपलंय."

"मग राग कसला?"

"मी पण तेच विचारलं. म्हणाले, माल अडवला त्याचा राग नाही. आतली शिवण एकेरी होती, चूक माझी होती. मी रात्रंदिवस बसून सगळा माल उसवला, दुहेरी शिवून परत नेला. हा पीस त्यातलाच. पण हिंदुरावने नापास केलं ते भर ऑफिसात, पन्नास माणसांसमोर जीन्स उलटी करून. आणि पास केलं ते बंद खोलीत, नुसती सही करून. मार्केटात लोकांना माझं नापास तेवढं माहीत आहे. पास कोणी ऐकलंच नाही."

तव्यावरचा पापड करपला. मीनाबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं.

जयदेव उठला. "तू मला परत बोलव म्हणून आलो नाही. खरं काय ते तुला कळायला हवं, म्हणून आलो."

तो गेल्यावर तेजलने गॅस बंद केला. सरांना जाऊन सांगितलं असतं तर सर लगेच उठून उल्हासनगरला गेले असते, हे तिला ठाऊक होतं. पण सांगून म्हणवून घेतलेलं 'पास' किशनचंदांच्या काय कामाचं? दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्या शेडचा जिना चढली. जयदेवकडे न बघता थेट आत गेली.

"काका, सरांचं तपासणीचं टेबल स्टेजवर राहील. अख्खं मार्केट, अख्खी एमआयडीसी समोर असेल. तुमची जागा मी रिकामी ठेवलीय. सरांना मी काही बोललेले नाही, बोलणारही नाही. माल आणा. ते उलटून बघतील आणि जे वाटेल ते चारचौघांत बोलतील."

किशनचंदांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि पुन्हा नापास म्हणाला तर?"

"तर नापास, काका."

किशनचंदांनी पापडाची ताटली स्वतःच्या हाताने तिच्याकडे सरकवली.

*

सत्काराला अंबरनाथचं सभागृह खचाखच भरलं होतं. स्टेजवर आपलं जुनं टेबल बघून हिंदुराव सर दाराशीच थबकले. "हे इथे कुणी आणलं?" म्हणून करवादले, पण मिशीतलं हसू लपेना.

भाषणं उरकली. सर टेबलाशी आले आणि सवयीने चष्मा पुसला. मीनाबाईंचा पापड उजेडासमोर धरून त्यांनी त्याची जाडी पाहिली. पुढच्या रांगेत बसलेल्या कान्हा-पुतळीची टोपली पालथी करून बूड पाहिलं. प्रत्येकाला "पास" म्हणत, टाळ्या घेत ते पुढे सरकले आणि अखेर मागे वळून टेबलाच्या सुरुवातीच्या रिकाम्या जागेशी येऊन थांबले. सगळ्यात आधीची जागा त्यांनी सगळ्यात शेवटी ठेवली होती.

"इथलं काय राहिलं, तेजल?"

"जीन्स, सर."

सरांनी रिकाम्या जागेवर हात टेकवला. सभागृहातले जुने लोक एकमेकांकडे बघायला लागले. तेजलची नजर मागच्या दाराला खिळली होती. सकाळपासून तीन वेळा तिने ठरवलं होतं की आता तिकडे बघायचं नाही.

दार उघडलं. आधी जयदेव दिसला, मग त्याच्यामागून, गळ्यात टेप तशीच, किशनचंद. मधल्या वाटेने ते सावकाश चालत आले, स्टेजवर चढले आणि प्लॅस्टिकमधली घडी टेबलावर ठेवली. दोरा होता. लाखेचं सील होतं.

"हिंदुरावजी, माल आणलाय. तपासून घ्या."

सरांनी जीन्स उलगडली. उलटी केली. आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवत नेला, कंबरेपासून घोट्यापर्यंत, मग दुसऱ्या पायाचीही. तेवढ्या वेळात तेजलने श्वास घेतला असेल असं मला वाटत नाही. सरांनी किशनचंदांकडे पाहिलं. त्या एका नजरेत त्यांना काय उमगलं ते तेच जाणोत, पण हात लांबवून त्यांनी माइक ओढला.

"पास!"

आवाज पार बाहेरच्या रस्त्यापर्यंत गेला असेल. टाळ्या उसळल्या, पण सरांनी हात वर केला. "थांबा. किशनचंदजी, नापास म्हणताना माझा आवाज सगळ्या ऑफिसात घुमला होता. पास म्हणायच्या वेळी मी नुसती सही केली. या खोऱ्याचा पहिला माल तुमचा, आणि तो पहिल्या प्रतीचा होता. उशीर झाला... पण आज पोचता करतो."

किशनचंदांनी गळ्यातली टेप काढली आणि सरांच्या गळ्यात घातली. "शाल नको म्हणालात ना," ते एवढंच म्हणाले. आणि दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना जी मिठी मारली, ती बघून समितीतली ज्यांना शाल द्यायची होती ती माणसंही डोळे पुसायला लागली.

*

जेवणाच्या वेळी जयदेवने तिला खांबाआड गाठलं. "तेजल... एक माल तपासायचा राहिलाय."

"कुठला?"

"हा." त्याने स्वतःकडे बोट दाखवलं.

"सुलटा बरा दिसतो."

"उलटून दाखवतो ना. सकाळी लवकर उठत नाही. पापांना घाबरतो, तुला त्याहून जास्त. एकदा खोटं वागलो, ते तुला माहीतच आहे. त्या दिवसापासून एक जीन्स धड जुनी करता आलेली नाही, हात चालत नाही माझा." तो थांबला. "आणि सगळ्यात आतली शिवण... प्रेम आहे माझं तुझ्यावर. त्या ढिगाआडून डोकं काढलं तेव्हापासून. बस, एवढंच आहे आत."

तेजलने त्याच्याकडे पाहिलं. कपाळावर आजही कुठलासा निळा डाग होताच.

"इथे नाही सांगणार मी," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. तो बाजूला व्हायला लागला तेवढ्यात तिने त्याचं मनगट धरलं आणि गर्दीतून ओढत त्याला थेट टेबलाशी नेलं. "आई! काका! सर! जरा इकडे या."

ताटं हातात घेऊन सगळे वळले. तेजलचा आवाज खणखणीत निघाला. "हा जयदेव तलरेजा. मी आतून-बाहेरून तपासलाय. नापास केला होता तो आमच्या जिन्यात, कुणी ऐकत नसताना. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते. पास!"

मग पुतळीने कान्हाला ढोसलं. "मी तवाच बोललू हुती!" आणि हशा उसळला. मीनाबाईंनी पदर तोंडाला लावला, त्यात हसू होतं की रडू ते कळेना. किशनचंद सरांकडे वळले. "हिंदुरावजी, तुम्ही पण एकदा बघून घ्या. पोरीची नजर आज भरवशाची नाही."

गळ्यात टेप घातलेले सर पुढे आले, त्यांनी जयदेवची कॉलर उलटी करून पाहिली. "शिवण ठीक आहे. एक बटण सैल आहे."

"ते तो स्वतः लावेल," तेजल म्हणाली.

जयदेवचं मनगट तिने अजून सोडलं नव्हतं. तो जरा वाकला, तिच्या पिवळ्या ओढणीचं टोक बोटांत धरून त्यावरचा निळा पट्टा बघत म्हणाला, "आता तरी दे. धुऊन देतो."

"राहू दे," ती म्हणाली. "पक्का झालाय तो."